चाळिसाला एक

माझी उमेदीची वर्षं भोसरीच्या एका टूलरूममध्ये गेली. तिथे बारीक कोन साधायचा असला तर कोणी कोनमापक हातात घेत नसे. त्यासाठी साईन बार असे. दिसायला अगदी साधा: पोलादाची सपाट पट्टी, तिच्या दोन टोकांना सारख्या व्यासाचे दोन रूळ आणि रुळांच्या मध्यांमधलं अंतर नेमकं १०० मिलिमीटर. एक रूळ सरफेस प्लेटवर टेकवायचा, दुसऱ्याखाली स्लिप गेजचे तुकडे रचायचे. दोन अंश हवे असतील तर ३.४९ मिमी, पाच अंश हवे असतील तर ८.७२ मिमी. ड्रॉइंगवर लिहिलेला असे कोन आणि आम्ही रचत असू उंची. नव्याने आलेल्या ॲप्रेंटिसला यात काहीतरी लबाडी वाटायची. पण उंची मायक्रॉनपर्यंत पकडता येते, कोन तसा चिमटीत सापडत नाही, एवढंच त्यामागचं कारण.

पुढे नोकरी सोडून गिटारच्या दुरुस्तीत आणि मग गिटार बनवण्यात पडलो, तेव्हा ही सवय कामी येईल असं मनातही नव्हतं. लाकडाला मायक्रॉन कोण विचारतो? सकाळी मोजलेली फळी पावसाळ्यात संध्याकाळी वेगळं माप सांगते. तरीही गिटारमध्ये एक जागा अशी आहे जिथे सुतारालाही टूलरूममधल्यासारखं वागावं लागतं. ती जागा म्हणजे नेक जिथे बॉडीला मिळते तो सांधा.

इलेक्ट्रिक गिटार टेबलावर उताणी ठेवा आणि डोळा बॉडीच्या पातळीवर आणून बाजूने बघा. काही गिटारांची नेक बॉडीला समांतर, सरळ पुढे गेलेली दिसेल. काहींची मागे झुकलेली असते. हेडस्टॉक टेबलाकडे उतरलेला आणि फ्रेटबोर्डची रेषा ब्रिजच्या दिशेने चढत गेलेली. हा झुकाव नजरेला फारसा जाणवत नाही, पण हाताला पहिल्या सुरापासून कळतो. तो कमी-जास्त झाला तर तारा फ्रेटपासून इतक्या उंच राहतात की बोटं दुखतात, नाहीतर इतक्या खाली येतात की फ्रेटवर घासून खरखरतात.

सरळ नेकचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण लिओ फेंडरचं. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावात रेडिओ दुरुस्त करणारा हा माणूस स्वतः गिटार वाजवत नसे. त्याने १९५० मध्ये बाजारात आणलेली आणि पुढच्या वर्षी टेलिकास्टर हे नाव मिळालेली गिटार म्हणजे कारखानदारी विचाराचा उत्तम नमुना. नेकची टाच फ्रेटबोर्डसकट एक इंच जाड. बॉडीतली खाच ५/८ इंच खोल, तिचा तळ बॉडीच्या माथ्याला समांतर. नेक त्यात ठेवायची आणि चार स्क्रूंनी आवळायची. फ्रेटबोर्डचा माथा आपोआप ३/८ इंच, म्हणजे साडेनऊ मिमी वर येतो, आणि टेलिकास्टरच्या बुटक्या ब्रिजला तेवढीच उंची लागते. कोन शून्य. शून्य कोन असल्यामुळे गणित नाही असं लोक समजतात. गणित आहेच. ते फेंडरने एकदा करून खाचेच्या खोलीत पुरून टाकलं आहे.

मला हे सगळं नीट मांडून दाखवावं लागलं ते साताऱ्याहून येणाऱ्या एका मुलामुळे. इंजिनिअरिंग नुकतंच संपलं होतं, नोकरी पुण्यात लागली होती आणि शनिवार-रविवार माझ्याकडे येऊन त्याला स्वतःच्या हातांनी गिटार बनवायची होती. गिटार कशी हवी हे पक्कं ठरलेलं: सपाट माथ्याची बॉडी, एकाच बाजूने कापलेली, नेक चिकटवलेली, ब्रिज ट्यून-ओ-मॅटिक, म्हणजे तयार मिळणारा, वर-खाली करता येणारा धातूचा ब्रिज. बॉडीसाठी आम्ही भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये हिंडून महोगनीची एक जुनी, कोरडी फळी मिळवली. फ्रेटबोर्डला शिसव. जगभरच्या गिटार कारखान्यांत फ्रेटबोर्डसाठी आपलं दक्षिणेतलं शिसव जातं, त्यामुळे इथे त्या बाबतीत तरी परदेशाकडे बघायचं कारण नाही. त्याच्या वहीत सगळी मापं व्यवस्थित लिहिलेली होती. नेकच्या रकान्यात लाल पेनाने ‘४ डिग्री’.

“काका, चारच ठेवायचा ना अँगल?”

“चार कुठून आणलास?”

“लेस पॉलला चार असतो.”

असतो, साधारण. पण गिब्सनच्या लेस पॉल गिटारच्या बॉडीचा माथा घुमटासारखा कोरलेला असतो. ब्रिज त्या घुमटाच्या उंचवट्यावर बसतो आणि कडेपेक्षा बराच वर असतो. तिथपर्यंत पोचायला फ्रेटबोर्डच्या रेषेला जास्त चढावं लागतं, म्हणून चार. याची बॉडी सपाट. मी त्याला म्हटलं, डिग्री राहू दे, तू आधी ब्रिज विकत घेऊन ये. तो हिरमुसला. नेक कापायला आलेल्या माणसाला ब्रिज आणायला पाठवलं की कोणीही हिरमुसेल. पण ब्रिज हातात नसताना कोन ठरवणं म्हणजे घराची उंची माहीत नसताना जिना बांधणं.

ब्रिज आल्यावर आम्ही पूर्ण मापाचं बाजूचं चित्र काढलं. कागदावर मी काढत नाही. कागद दमट हवेत फुगतो आणि तीन मिमीचा हिशेब करताना एक मिमी खाऊन टाकतो. पांढऱ्या सनमायकाचा लांब तुकडा प्लायवर चिकटवून ठेवला आहे, त्यावर बारीक टोकाची पेन्सिल आणि पोलादी पट्टी. खाली एक सरळ रेषा: बॉडीचा माथा. तिच्यावर दोन खुणा, नेक बॉडीला मिळते ती कड आणि ब्रिज. स्केल, म्हणजे वाजणाऱ्या तारेची लांबी, ६२८ मिमी. दर फ्रेटला उरलेली लांबी दोनाच्या बाराव्या मुळाने भागत गेलं की बारावी फ्रेट बरोबर मध्यावर येते, आणि सोळाव्या फ्रेटपासून ब्रिजपर्यंत २४९ मिमी उरतात. त्याच्या आराखड्यात नेक सोळाव्या फ्रेटवर बॉडीला मिळत होती. म्हणजे कड ते ब्रिज २४९. (सुरेलपणासाठी ब्रिजची सॅडल दोन-तीन मिमी मागे सरकते, या हिशेबात ते सोडून दिलं तरी चालतं.)

आता उंच्या. ब्रिज व्हर्नियरने मोजला. अगदी तळाला बसवला तर तार बॉडीपासून साडेतेरा मिमी वर, पुरता उचलला तर वीसच्या आसपास. या दोन टोकांमध्ये कुठे राहायचं हा या सगळ्या प्रकरणातला एकमेव प्रश्न आहे ज्याचं उत्तर वाजवणाऱ्याने द्यायचं. मी त्याला दुकानातल्या दोन-तीन गिटारी वाजवायला दिल्या. तो उजव्या हाताचा तळवा ब्रिजवर टेकवून, तारा दाबून वाजवणारा निघाला. अशा हाताला फार उंच ब्रिज त्रासाचा, मनगट दुमडतं. आम्ही साडेसोळा धरले.

मग ॲक्शन, म्हणजे बाराव्या फ्रेटवर तार आणि फ्रेटचा माथा यांच्यातली फट. जाड तारेला दोन, बारीक तारेला दीड. मधल्या तारांचा विचार करून १.८. नटपाशी, म्हणजे हेडस्टॉककडच्या टोकाला, तार फ्रेटच्या पातळीच्या अर्धा मिमी वर. बारावी फ्रेट नेमकी मध्यावर असल्यामुळे ब्रिजपाशी ही फट किती होईल ते तोंडी निघतं: १.८ ची दुप्पट ३.६, त्यातून अर्धा वजा, राहिले ३.१. फ्रेटच्या माथ्यांवर एक लांब पट्टी ठेवून ती ब्रिजपर्यंत नेली, तर तार त्या पट्टीच्या ३.१ मिमी वर असायला हवी. तार साडेसोळावर, म्हणजे पट्टी १३.४ वर.

नेकच्या कडेला ही पट्टी कुठे आहे? फ्रेटबोर्डचा तळ बॉडीच्या माथ्याशी लगत ठेवायचा असं ठरलं होतं. फ्रेटबोर्ड ६ मिमी, फ्रेट १.२ मिमी, एकूण ७.२. इथे नवशिका हमखास एक गफलत करतो: फ्रेटबोर्डची जाडी कडेला मोजतो. फ्रेटबोर्डचा माथा गोलसर असतो. १२ इंच त्रिज्येची गोलाई असेल आणि शेवटच्या फ्रेटपाशी रुंदी ५६ मिमी असेल, तर मध्यापेक्षा कड सव्वा मिमीहून जास्त पातळ भरते. हिशेब नेहमी मध्यरेषेवर करायचा, ब्रिजची उंचीसुद्धा मध्यावरच घ्यायची.

तर कडेला ७.२, ब्रिजपाशी १३.४. चढ ६.२ मिमी, अंतर २४९. चाळिसाला एक. मी चित्रात ती रेषा ओढली आणि मग, त्याचं समाधान व्हावं म्हणून, कॅल्क्युलेटर त्याच्याकडे सरकवला. उत्तर आलं १.४ अंश. त्याने वहीतल्या चारकडे बघितलं, पुन्हा कॅल्क्युलेटरकडे बघितलं आणि चार खोडला. पण त्या जागी १.४ लिहायला निघाला तेव्हा मी थांबवलं. म्हटलं, ६.२ लिही.

कारण तो १.४ पुढच्या क्षणी बदलू शकत होता. समजा नेक तीन मिमी वर बसवली, फ्रेटबोर्डखाली नेकच्या लाकडाची तेवढी पट्टी दिसू दिली. मग चढ उरतो ३.२ आणि कोन पाऊण अंशाहून किंचित कमी. समजा ट्यून-ओ-मॅटिक नको, सपाट पत्र्याचा बुटका ब्रिज घेतला ज्यावर तार बारा मिमीवर असते. मग चढ जेमतेम १.७, आणि नेक तेवढीच वर उचलली की कोन शून्य, आपण फेंडरच्या दारात. जाड फ्रेट घ्या, पातळ फ्रेटबोर्ड घ्या, नेक दोन फ्रेट आत सरकवा, दर वेळी अंश वेगळे. बाकी सगळ्या उंच्या ठरल्यावर जो उरतो त्याला आपण नेकचा कोन म्हणतो. तो आधी ठरवायला गेलं की बाकीच्या उंच्यांनी त्याच्यामागे फरफटायचं, आणि त्यातला ब्रिज तर बाजारातून तयार येतो. तो फरफटत नाही.

चार अंश सपाट बॉडीवर खरोखर कापले तर काय होतं तेही मी पाहिलं आहे. एका हौशी तरुणाने घरीच बनवलेली, पॉलिश करून चकचकीत झालेली गिटार माझ्या टेबलावर आली. रेषा ब्रिजपर्यंत सतरा मिमीहून जास्त चढलेली. फ्रेटबोर्डची जाडी आणि तारेची फट धरून तार बॉडीपासून पावणेअठ्ठावीस मिमी वर हवी. त्याचा ब्रिज विसाच्या वर जात नव्हता. तारा फ्रेटवर झोपल्या होत्या. काम सुंदर होतं, सांधा इतका घट्ट की पातं शिरणार नाही, आणि म्हणूनच तो उकलायला माझं मन घेईना. शिसवाचा आठ मिमीचा चौथरा करून ब्रिज त्यावर बसवला, पिकअपना उंच रिंगा आणि लांब स्क्रू लावले. कमानदार माथ्याच्या जुन्या जॅझ गिटारीसारखी काहीशी दिसायला लागली. मालकाला ती आवडली. हात मात्र तिच्यावर अधांतरी राहतो, तो राहणारच.

या मुलाला मी हे सांगितलं तेव्हा त्याने बरोबर शंका काढली: मग चूक व्हायचीच असेल तर कमी कोनाकडे झालेली बरी का? उलट. जास्त कोनाकडे झालेली बरी, अर्थात जरा जास्त, चार अंश नव्हे. १.४ च्या जागी कोन अर्ध्या अंशाने जास्त झाला तर तार पावणेएकोणीसच्या आसपास जाते. ब्रिज उंच दिसतो, पण गिटार वाजते. अर्ध्या अंशाने कमी झाला तर तार १४.३ वर, आणि खाली जायला ब्रिजकडे उरतो ०.८ मिमी. आज वाजेल. पण गिटारचं आयुष्य ब्रिजला खालीच ढकलत असतं. तारांच्या ताणाने नेक वर्षानुवर्षांत थोडी पुढे येते. फ्रेट झिजल्या की त्या घासून सारख्या कराव्या लागतात, त्यांची उंची घटते आणि त्यांच्यामागे तारही खाली आणावी लागते. तो पाऊण मिमी एक-दोन दुरुस्त्यांत संपतो. मग ब्रिज तळाला टेकलेला आणि तार अजून वरच. तिथून पुढे स्क्रू फिरवून काही होत नाही.

खुद्द लेस पॉलची सुरुवात या अडचणीत झाली. मिशिगनमधल्या कॅलमझू इथल्या गिब्सन कारखान्याने १९५२ मध्ये ही गिटार बाजारात आणली तेव्हा तिची नेक फारच सपाट होती. तिच्यावर, जिला ज्यांचं नाव दिलं त्या लेस पॉल यांच्याच कल्पनेतला, टेलपीस आणि ब्रिज एकत्र असलेला दांडा होता. तारा त्या दांड्याच्या वरून जाव्यात अशी त्यांची योजना. पण नेकचा कोन इतका कमी की वरून नेलेल्या तारा फ्रेटपासून अवाच्या सवा उंच राहत. कारखान्याने तोडगा काढला: तारा दांड्याच्या खालून गुंडाळल्या. ॲक्शन खाली आली, गिटार विकली गेली, पण आता दांडा तारांच्या वर आला आणि तळवा टेकवून तारा दाबायची सोयच गेली. ज्या माणसाचं नाव हेडस्टॉकवर, त्याचीच योजना उलटी बसवलेली. १९५३ मध्ये गिब्सनने नेकचा कोन वाढवला आणि दांड्याच्या जागी दोन खुंट्यांवर बसणारा, तार वरून गुंडाळायचा ब्रिज दिला. ट्यून-ओ-मॅटिक १९५४ च्या कस्टम मॉडेलवर आला. आज १९५२ सालच्या त्या गिटारी हौशी संग्राहक जपून ठेवतात. कित्येकांनी नेक उकलून पुन्हा योग्य कोनात बसवून घेतल्या आहेत, ते काम मात्र आतड्याला पीळ पाडणारं.

व्हायोलिन बनवणाऱ्यांकडे बघितलं की मला टूलरूमची आठवण येते. नेक मागे किती झुकली हे ते अंशांत सांगतच नाहीत. फिंगरबोर्डची रेषा पुढे वाढवून ती ब्रिजच्या जागी माथ्यापासून किती उंचीवर पोचते ते बघतात. ती उंची साधारण २७ मिमी असावी, असा त्यांचा पिढ्यान्पिढ्यांचा दंडक आहे. अकूस्टिक गिटार तपासतानाही तेच: फ्रेटवर सरळ पट्टी ठेवायची आणि तिचं टोक ब्रिजच्या माथ्याला लागतं की खाली आपटतं ते बघायचं. इलेक्ट्रिकवाल्यांनी मात्र अंश कुठून उचलले कोण जाणे. कदाचित यंत्रावर कोन लावावा लागतो म्हणून.

बहिणीच्या तंबोऱ्याची जवारी काढून घ्यायला मी मिरजेला गेलो होतो, तेव्हा तिथल्या एका सतारमेकर चाचांपुढे हा विषय काढला. मिरजेतली ही कला शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांतून आली, फरीदसाहेबांपासून. लोखंडातून वाद्यांकडे वळलेला मीच एकटा नाही, हे तिथे बसल्यावर बरं वाटतं. चाचांना माझा प्रश्नच कळेना.

“दांडी बसली, तबली बसली, मग घोडी. घोडीची उंची तेव्हा बघायची. आधीपासून कशाला डोकं शिणवायचं?”

मी सांगितलं की आमची घोडी धातूची असते, तयार येते, सात-एक मिमी वर-खाली होते आणि बस्स.

“विकत घेता? मग बसा हिशेब करत.”

त्यांच्यासमोर घोडीचे पाय घासून कमी करायचं काम चाललं होतं. सतारीचे पडदेही दोऱ्याने बांधलेले, सरकवता येणारे. सगळ्या उंच्या शेवटपर्यंत कारागिराच्या हातात. आमच्याकडे एक सोडून सगळ्या आधीच गोठलेल्या, आणि जी एक मोकळी आहे ती गोंदाखाली जाणार.

साताऱ्याच्या मुलाच्या गिटारकडे परत. बॉडीतली खाच राऊटरने कापायची तर राऊटर ज्यावर सरकतो तो फर्माच उतरता हवा. इथे साईन बार थेट उतरला. ३०० मिमी लांबीच्या दोन सरळ पट्ट्या, दोन्हींच्या एका टोकाखाली साडेसात मिमीचा ठोकळा: चाळिसाला एक. कोनमापकाशिवाय. ठोकळा मी व्हर्नियरने मोजून, काचेवर सँडपेपर ठेवून घासतो. शंभर मिमीच्या साईन बारवर हेच करायचं तर २.४९ मिमी, म्हणजे १.४९ आणि १.०० च्या दोन स्लिप एकमेकींवर घासून चिकटवायच्या. तेवढी अचूकता इथे नको, पण मुलाला दाखवण्यासाठी मी जुन्या मित्राकडून पेटी मागून आणली. दोन पोलादी तुकडे कशाशिवायही एकमेकांना धरून राहतात हे बघून तो गिटार विसरला.

खाच कापताना मी कोन मुद्दाम किंचित जास्त ठेवतो. लाकूड काढून टाकता येतं. परत आणता येत नाही. नेक कोरडी बसवायची, फ्रेटबोर्डच्या मध्यरेषेवर सरळ पट्टी, आणि ब्रिजच्या जागी बॉडीपासून पट्टीच्या खालच्या कडेपर्यंत व्हर्नियर. फ्रेट अजून बसवलेल्या नव्हत्या, म्हणून १३.४ मधून १.२ वजा करून आमचं लक्ष्य १२.२. पहिलं माप तेराच्या जवळ आलं, तसंच यायला हवं होतं. मग पटाशी. खाच ७५ मिमी लांब. तिच्या आतल्या, ब्रिजकडच्या टोकाला एक दशांश मिमी काढला, म्हणजे साध्या छपाईच्या कागदाच्या एका पानाइतका, की ब्रिजपाशी तिसरा हिस्सा मिमी उतरतो. लाकूडकामात कागदाच्या जाडीचा फरक असा तिपटीने मोठा होऊन समोर येणारी दुसरी जागा मला माहीत नाही. इथे घाई करणाऱ्याला मी हाताला धरून चहाला बाहेर नेतो. पटाशी घासायची, एक बारीक साल काढायची, नेक बसवायची, मोजायचं. तळ मध्येच खोल जाऊ द्यायचा नाही, नाहीतर नेक दोन कडांवर उभी राहते आणि शिकंजा आवळला की कोन बदलतो. त्याच वेळी नटपासून ब्रिजपर्यंत दोन्ही कडांनी दोरा धरून नेक डावी-उजवीकडे तर गेली नाही ना तेही बघायचं. खालच्या तळाकडे लक्ष असताना हीच गोष्ट हातून निसटते.

गोंद लावल्यावरचा अर्धा तास मला आजही आवडत नाही. ओल्या गोंदावर नेक घसरते. शिकंजा फिरवला की ती कणभर ब्रिजकडे पळते किंवा एका बाजूला कलते, आणि कोरड्या अवस्थेतली सगळी मापं एका आवळण्यात वाया जातात. सांध्यात मिठाचे चार कण टाकायची युक्ती चालते: कण दोन्ही लाकडांत रुततात आणि घसरण थांबते. शिकंज्याखालचा लाकडी ठोकळाही फ्रेटबोर्डच्या गोलाईचाच करून ठेवलेला बरा. आवळल्यावर पट्टी परत ठेवून मोजलं, १२.३. मुलाने वहीत तेवढंच लिहिलं. तारा चढवल्यावर ब्रिज सोळाच्या वर, साडेसोळाच्या जरा खाली स्थिरावला, आणि त्याच्या तळव्याला तो हवा तिथे सापडला.

नंतर पावसाळ्यात त्याचा फोन आला. “काका, अँगल गेला.”

जून-जुलैमध्ये असे फोन येतातच, आणि त्यातले बहुतेक कोनाचे नसतात. दमट हवेत नेकचं लाकूड फुगतं, नेक धनुष्यासारखी वाकते, तारा वर जातात आणि माणूस सांध्याला दोष देतो. वेगळं करायची रीत सोपी आहे. पहिल्या फ्रेटवर कापो लावायचा, शेवटच्या फ्रेटवर तार दाबायची आणि सातव्या-आठव्या फ्रेटवरची फट फीलर गेजने मोजायची. ०.२ ते ०.३ मिमी असेल तर नेक ठीक. त्याची फट जवळजवळ दुप्पट होती. नेकमधल्या ट्रसरॉडला पाव फेरा दिला, दुसऱ्या दिवशी आणखी थोडा. कोनाला हात लावायचं कारण नव्हतं.

नेक सरळ असूनही ब्रिज तळाला टेकलेला आणि तारा उंच, असं दिसलं तरच तो कोनाचा आजार. स्क्रूंनी आवळलेल्या नेकला त्यावर पाचर आहे. फेंडरच्या स्केलवर टाचेखाली, खाचेच्या आतल्या टोकाला अर्ध्या मिमीची पाचर दिली की ब्रिजपाशी साधारण पावणेदोन मिमीचा फरक पडतो. फेंडरच्या जुन्या गिटारी उघडल्या तर कारखान्यातच घातलेल्या पाचरी सापडतात, आणि सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला तर त्यांनी नेकप्लेटमध्ये कोन बदलायचा स्क्रूच दिला. आपल्याकडे उघडलेल्या गिटारींतून व्हिजिटिंग कार्डं निघतात, कधी कंडक्टरच्या तिकिटाची घडी. मला टाचेच्या पूर्ण लांबीची, एका टोकाला शून्यावर आलेली लाकडी पाचर पटते. नुसत्या टोकाला घातलेल्या पुठ्ठ्यावर टाच अधांतरी राहते. कार्डाने सूर बिघडतो असं मात्र मी छातीठोक म्हणणार नाही.

चिकटवलेल्या नेकचं काय? वाफेने सांधा उकलणं मी टाळतो. पॉलिश फुलतं, फ्रेटबोर्ड सुटतो, आणि स्वस्त गिटारच्या बाबतीत मजुरी गिटारच्या किमतीच्या वर जाते. अशा गिटारच्या माथ्यात ब्रिजखाली लांबट खाच घेऊन ब्रिज दोन-अडीच मिमी आत बसवतो, आणि टेलपीसकडे तारांचा कोन पुरेसा राहतो का ते बघतो. नेक जागची हलत नाही, अंश तेवढेच राहतात, आणि तारा खाली येतात. खाचेच्या कडा स्वच्छ निघाल्या तर ती मूळचीच वाटते. महोगनीत निघतात. स्वस्त गिटारच्या प्लायवुडमध्ये वरचा थर उचकटतो, म्हणून आधी धारदार पात्याने रेघ मारून घेतो आणि त्या कामाचे पैसे जास्त लावतो.